फिनिश नगररचनेच्या संज्ञा इंग्रजीत नेताना: कावा, केर्रोस-आला आणि बाकीची भानगड

पारिजातक (धागाकर्ती)

फिनिशमधून इंग्रजीत भाषांतर करणाऱ्यांसाठी हा धागा. विषय फक्त नगररचना: प्लॅनचे नकाशे, त्यावरच्या खुणा, नियम, नोटिसा. फिनिश शब्दांचं लिप्यंतर जमेल तसं केलंय, उच्चारावरून कुणी भांडू नये.

यंत्र-भाषांतर इथे कुठे तोंडावर आपटतं ते बहुतेकांनी पाहिलं असेल. 'आसेमा' म्हणजे स्टेशनही, म्हणून आसेमाकावाचं (सविस्तर प्लॅनचं) 'स्टेशन प्लॅन' होतं. 'कावा' म्हणजे प्लॅन, पण सूत्रही, म्हणून 'प्लॅननुसार'चं 'अकॉर्डिंग टू द फॉर्म्युला' होतं. 'तेहोक्कूस' म्हणजे कार्यक्षमता, मग तेहोक्कूस-लुकुचा (प्लॉटच्या तुलनेत बांधकामाच्या प्रमाणाचा) 'एफिशियन्सी फिगर' झाला. छपराला फिनिशमध्ये वेसिकात्तो म्हणतात, त्याचं 'वॉटर रूफ'. या चुका निदान दिसतात तरी. मला जास्त भीती वाटते ती इंग्रजी म्हणून सुरळीत वाचल्या जाणाऱ्या पण अर्थ सरकलेल्या वाक्यांची. प्लॅनचे स्तर, क्षेत्रफळाच्या संज्ञा, प्रक्रियेचे शब्द आणि नकाशावरच्या खुणा, या चार गोष्टींवर नेमकं लिहा.

उत्तरध्रुव

स्तरांपासून सुरुवात करतो, कारण तिथे घसरलं की पुढचा सगळा दस्तऐवज घसरतो.

वरून खाली: माकुन्ताकावा (प्रांताचा), युलेइस्कावा (नगरपालिकेचा ढोबळ), आसेमाकावा (सविस्तर, ज्यावर बांधकाम परवाना अवलंबून). कायद्याच्या अनधिकृत इंग्रजी भाषांतरातल्या संज्ञा अनुक्रमे 'रीजनल लँड यूज प्लॅन', 'लोकल मास्टर प्लॅन' आणि 'लोकल डिटेल्ड प्लॅन'. एखाद्या भागापुरता युलेइस्कावा असेल तर ओसा-युलेइस्कावा. त्याला 'पार्शल मास्टर प्लॅन' म्हटलं की 'अर्धवट' असा वास येतो, 'कॉम्पोनन्ट मास्टर प्लॅन' बरं.

आता गोम अशी की हेलसिंकी शहर स्वतःच्या युलेइस्कावाला इंग्रजीत 'हेलसिंकी सिटी प्लॅन' म्हणतं (२०१६ चा), आणि जुन्या मजकुरांत आसेमाकावासाठी 'टाउन प्लॅन' किंवा 'सिटी प्लॅन' सापडतं. म्हणजे 'सिटी प्लॅन' हा एकच शब्द दोन वेगळ्या स्तरांवर बसलाय. हेलसिंकीच्या ठरावीक दस्तऐवजाचं नाव असेल तिथे शहराचंच रूप ठेवा, बाकी सगळीकडे 'लोकल मास्टर प्लॅन'. आणि आसेमाकावासाठी 'सिटी प्लॅन' कधीही वापरू नका.

कायद्याचं नावही तारीख बघून लिहा. १३२/१९९९ हा कायदा १ जानेवारी २००० ला लागू झाला, 'लँड यूज अँड बिल्डिंग ॲक्ट'. १ जानेवारी २०२५ पासून बांधकामाचा भाग नव्या ७५१/२०२३ कायद्यात गेला. जुन्याचा क्रमांक तोच राहिला पण नाव बदलून आलुएइदेन-कॅयत्तो-लाकी झालं, म्हणजे 'बिल्डिंग' शब्द गळून 'लँड यूज ॲक्ट'. त्याच वेळी राकेन्नुस-लुपाचं राकेन्तामिस-लुपा झालं. इंग्रजीत दोन्हींना 'बिल्डिंग परमिट' चालतं, पण २०२५ नंतरच्या कागदाला जुन्या कायद्याचं नाव लावलंत तर वकील पहिल्याच पानावर परत पाठवेल.

२००० च्या आधीचे कागद असतील तर १९५८ चा राकेन्नुस-लाकी (३७०/१९५८) लागू. त्यात आसेमाकावा शहरांसाठी आणि राकेन्नुसकावा ग्रामीण नगरपालिकांतल्या दाट वस्तीसाठी, असे दोन वेगळे प्रकार होते. राकेन्नुसकावाचं 'बिल्डिंग प्लॅन' केलं की वाचणाऱ्याला इमारतीचा आराखडा वाटतो. 'बिल्ट-अप एरिया प्लॅन' लिहून, आज तो आसेमाकावा म्हणूनच लागू आहे अशी तळटीप द्यावी.

एक हमखास उपाय: फिनलंडचे कायदे फिनिश आणि स्वीडिश दोन्हींत अधिकृत असतात, आणि फिनलेक्सवर (कायद्यांच्या सरकारी संकेतस्थळावर) दोन्ही शेजारी मिळतात. अर्थ धूसर वाटला की स्वीडिश बघा. आसेमाकावा तिथे 'देताल्यप्लान', युलेइस्कावा 'गेनेरालप्लान'. स्वीडिश शब्द बहुतेकदा इंग्रजीच्या एक पाऊल जवळ असतो. १९५८ च्या कायद्यात मात्र आसेमाकावाला 'स्ताद्स्प्लान' म्हणायचे. वर सांगितलेल्या 'सिटी प्लॅन'चं मूळ तिथेच असावं असा माझा कयास.

गिरणगाव

इथल्या लोकांना पटकन कळावं म्हणून विचारतो: युलेइस्कावा म्हणजे आपला विकास आराखडा, माकुन्ताकावा म्हणजे प्रादेशिक योजना, असं चालेल का?

उत्तरध्रुव

@गिरणगाव, डोक्यात समजण्यापुरतं चालेल, लिहिण्यात नाही. आपल्या १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखालचा विकास आराखडा प्लॉटवर थेट आरक्षण टाकतो आणि परवानगी त्यावरच अडते. फिनलंडमध्ये ते काम प्रामुख्याने आसेमाकावाचं. युलेइस्कावा आसेमाकावा करताना मार्गदर्शक असतो. आसेमाकावा मंजूर होऊन लागू झाला की त्या जागेवर युलेइस्कावाचा अंमल संपतो. त्यामुळे भारतीय वाचकासाठी 'डेव्हलपमेंट प्लॅन' लिहिलंत तर तो नको तिथे आरक्षण शोधत बसेल.

मोजपट्टी

क्षेत्रफळाकडे येतो. खरे पैसे इथे बुडतात.

आधी 'आला' आणि 'आलुए'. दोन्हींना शब्दकोश 'एरिया' सांगतो. 'आला' म्हणजे मोजलेलं क्षेत्रफळ, 'आलुए' म्हणजे नकाशावरचा भाग. कोर्त्तेली-आलुए हा 'ब्लॉक एरिया', त्यात चौरस मीटरचा काही संबंध नाही.

आता 'आला'चे प्रकार:

केर्रोस-आला: मजल्यांचं क्षेत्रफळ, बाहेरच्या भिंतींच्या बाहेरील कडेपर्यंत मोजलेलं. तळघर किंवा माळ्याचा जो भाग इमारतीच्या मुख्य वापराचा, तो धरून. परवान्याचं गणित यावर चालतं.

ब्रुत्तो-आला: सगळे मजले, तळघरासकट, सरसकट.

हुओनेइस्तो-आला: सदनिकेच्या आतल्या भिंतींमधलं. १६०० मिलिमीटरपेक्षा कमी उंचीचा भाग धरत नाहीत.

बरेच जण केर्रोस-आलाचं 'ग्रॉस फ्लोअर एरिया' करतात. मग त्याच दस्तऐवजात ब्रुत्तो-आला आला की शब्द उरत नाही, आणि दोन वेगळे आकडे एकाच नावाखाली जातात. मी 'परमिट फ्लोअर एरिया'सारखे घडवलेले शब्दही टाळतो. केर्रोस-आलाला साधं 'फ्लोअर एरिया', पहिल्या वापराला व्याख्येची एक ओळ, आणि ब्रुत्तो-आलाला 'ग्रॉस एरिया'. मोजमापाचा फिनिश मानक एसएफएस ५१३९. त्याचा उल्लेख मूळात असेल तर क्रमांक तसाच ठेवा.

ही जोडी सोडवली नाही तर काय होतं ते आकड्यांत बघा. १२०० चौ.मी.चा प्लॉट, ई (प्लॉटच्या किती पट केर्रोस-आला बांधता येतं तो आकडा) = ०.२५. म्हणजे ३०० चौ.मी. केर्रोस-आला. घर १५ × १० मीटर बाहेरून, दोन मजली: बाहेरून मोजून बरोबर ३००. पण १९९९ च्या कायद्याच्या मूळ ११५ व्या कलमात बाहेरची भिंत २५० मिमीपेक्षा जाड असेल तर वरच्या जाडीपुरती मर्यादा ओलांडता येते असं होतं. थंडीमुळे भिंत ४०० मिमीची धरली तर १५० मिमी सुटते: १४.७ × ९.७ = १४२.५९, म्हणजे मजल्यामागे ७.४१, दोन मजल्यांचे जवळपास १५ चौ.मी. मोकळे. 'ग्रॉस फ्लोअर एरिया' वाचणारा लंडनचा किंवा मुंबईचा सल्लागार हे १५ चौ.मी. धरणार नाही, कारण त्याच्या समजुतीतल्या ग्रॉसमध्ये भिंत आलीच.

अजून एक मर्यादा लक्षात ठेवा: २०११ च्या बचाव कायद्यानुसार (३७९/२०११) रहिवासी इमारतीचं केर्रोस-आला १२०० चौ.मी. किंवा जास्त असेल तर व्हॅएस्तोन्सुओया, म्हणजे नागरी संरक्षणाचा आसरा, बांधावा लागतो. इथे ब्रुत्तो घेतलंत तर इमारत कागदावर उगाच मर्यादेपार जाते. 'बॉम्ब शेल्टर' लिहू नका, 'सिव्हिल डिफेन्स शेल्टर'.

अर्धविराम

+१. पण राकेन्नुस-ओइकेउस राहिलं. इंग्रजी मसुद्यांत 'परमिटेड बिल्डिंग व्हॉल्यूम' बऱ्याचदा दिसतं आणि ते मला कधीच पटलं नाही. 'व्हॉल्यूम' म्हटलं की घनमीटर. आकडा मात्र चौरस मीटरमध्ये. 'बिल्डिंग राइट्स' शब्दशः आहे, पण बिल्डर मंडळींना तो विकता येण्याजोगा हक्क वाटतो, आपल्याकडच्या टीडीआरसारखा. म्हणून 'परमिटेड फ्लोअर एरिया'.

मोजपट्टी

@अर्धविराम, अर्धं मान्य. आकडा असेल तिथे 'परमिटेड फ्लोअर एरिया' चोख बसतं. पण करारात 'राकेन्नुस-ओइकेउस दुसऱ्या प्लॉटकडे वळवणं' असं आलं तर क्षेत्रफळ वळवता येत नाही, हक्कच वळवावा लागतो. तिथे 'बिल्डिंग राइट' लिहायला पर्याय नाही. एकाच दस्तऐवजात दोन्ही येणार असतील तर सुरुवातीच्या संज्ञा-यादीत दोन्ही टाका आणि कोणता कधी ते सांगा.

तेहोक्कूस-लुकुचा शब्द मात्र वाचक कुठला ते बघून निवडा. आपला चटई क्षेत्र निर्देशांक म्हणजे एफएसआय, तोच अमेरिकेत 'फ्लोअर एरिया रेशो', ब्रिटनमध्ये 'प्लॉट रेशो'. ई हे केर्रोस-आला भागिले प्लॉट. पण फिनिश कागदांत आलुए-तेहोक्कूस (ई-ए), कोर्त्तेली-तेहोक्कूस (ई-के) आणि तोन्त्ती-तेहोक्कूस (ई-टी) असे तीन भाजक येतात: सबंध भाग, ब्लॉक, प्लॉट. रस्ते-बागा धरलेल्या भागाचा ०.५ आणि प्लॉटचा ०.५ यांत खूप फरक. ब्रिटिश 'प्लॉट रेशो' फक्त तिसऱ्याला चालतो. पहिल्याला 'एरिया डेन्सिटी', दुसऱ्याला 'ब्लॉक डेन्सिटी', आणि अक्षरचिन्ह कायम शेजारी.

पारिजातक

हे तीन भाजक कोणत्याही इंग्रजी शब्दकोशात वेगळे सापडत नाहीत, आभार. प्रक्रियेच्या शब्दांचं काय? 'मुइस्तुतुस'ला 'रिमाइंडर' केलेलं दिसतं.

उत्तरध्रुव

'रिमाइंडर' ही निव्वळ चूक, पण नुसतं 'कॉमेंट'ही नको. लोकांच्या आणि संस्थांच्या म्हणण्याचे चार प्रकार आहेत, प्रत्येकाचा टप्पा ठरलेला:

मिएलिपिदे: कच्च्या मसुद्यावर लोकांचं मत. 'ओपिनियन'.

मुइस्तुतुस: प्रस्ताव लोकांसाठी मांडलेला असताना केलेली लेखी हरकत. 'ऑब्जेक्शन'. स्वीडिशमध्ये 'आन्मॅर्कनिंग' बघा, लगेच कळतं.

लाउसुन्तो: दुसऱ्या सरकारी संस्थेचा अभिप्राय. 'स्टेटमेंट'.

वालितुस: मंजुरीनंतर प्रशासकीय न्यायालयात अपील. 'अपील'.

मराठीत आपण 'हरकती व सूचना' एका दमात म्हणतो, त्या सवयीने पहिले दोन एक करू नका. आसेमाकावाचा प्रस्ताव ३० दिवस मांडलेला असतो, परिणाम किरकोळ असलेल्या बदलासाठी १४ दिवस. मुइस्तुतुस या मुदतीतच द्यावी लागते. अपिलाची मुदत ३० दिवस.

ओसाल्लिनेनचं 'स्टेकहोल्डर' करण्याचा मोह आवरा. कायद्यात व्याख्या आहे: जमीनमालक, ज्यांच्या राहण्या-काम करण्यावर प्लॅनचा लक्षणीय परिणाम होईल ते, आणि ज्यांच्या कार्यक्षेत्राचा संबंध येतो त्या संस्था. 'इंटरेस्टेड पार्टी'. सुरुवातीच्या ओ-ए-एस नावाच्या कागदाला कायद्याच्या इंग्रजीत 'पार्टिसिपेशन अँड असेसमेंट स्कीम' आहे. शहरं 'प्लॅन' लिहितात. पण त्याच पानावर खरा प्लॅनही असतो, तेव्हा 'स्कीम' सोयीचं.

गुंतवणूकदारांच्या कागदांत सर्वांत धोकादायक तिकडी: मंजूर, लाइनवोइमाइनेन, वोइमास्सा. नगरपरिषदेने ठराव केला म्हणजे 'अडॉप्टेड' किंवा 'अप्रूव्ह्ड'. अपिलाची मुदत संपली किंवा अपिलं निकाली निघाली की लाइनवोइमाइनेन, 'फायनल' किंवा 'लीगली फायनल'. जाहीर नोटीस निघून अंमल सुरू झाला की 'इन फोर्स'. तिन्हींना 'व्हॅलिड' लिहिलेला अहवाल घेऊन बँकेत गेलं तर अपील चालू असलेल्या जमिनीवर कर्ज मंजूर व्हायचं.

नियमांपासून सूट म्हणजे पोइक्केआमिनेन. अमेरिकी वाचक 'व्हेरियन्स' पटकन समजतो, पण त्याचे निकष वेगळे. 'डीव्हिएशन' लिहून मोकळे व्हा.

मोजपट्टी

नकाशावरच्या खुणा. पहिला नियम: अक्षरचिन्ह कधीही भाषांतरित करू नका. एके, एपी, एओ, व्हीपी, एलपीए जसंच्या तसं. नकाशा बदलत नसतो, तुम्ही फक्त खुलासा बदलता.

एके: 'ब्लॉक एरिया फॉर अपार्टमेंट बिल्डिंग्ज'. एओ: सुटी एक-दोन घरं, 'डिटॅच्ड हाउसेस'. एपी: पिएन्तालो, म्हणजे छोटी घरं, ज्यात सुटी, जोड आणि रांगेतली सगळी येतात. 'स्मॉल हाउस' लिहिलं तर लोकांना क्षेत्रफळ कमी वाटतं. 'लो-राइज हाउसिंग' लिहून कंसात मूळ शब्द. व्हीपी बाग, एलपीए गाड्या लावण्याचा ब्लॉक.

रोमन आकडा म्हणजे जास्तीत जास्त मजले. पण तोच आकडा अधोरेखित असेल तर तितकेच मजले बांधणं सक्तीचं! पीडीएफमधून मजकूर उचलताना किंवा ओसीआर करताना ती खालची रेघ हमखास गळते, आणि सक्तीचा आकडा नुसती कमाल मर्यादा होऊन जातो. नकाशाची प्रतिमा उघडून डोळ्यांनी बघण्याला पर्याय नाही. रोमन आकड्यानंतर 'यू' आणि अपूर्णांक असेल तर तो माळ्यासाठी: सर्वांत मोठ्या मजल्याच्या किती भागाइतकी माळ्याची जागा केर्रोस-आलात धरता येईल ते. आकड्याच्या आधी अपूर्णांक आणि 'के' असेल तर तेच तळघरासाठी.

मजले मोजताना फिनिश पहिला मजला म्हणजे आपला तळमजला. ब्रिटिश 'फर्स्ट फ्लोअर' त्याच्या वरचा. 'स्टोरी' हा शब्द वापरा आणि दुकानांच्या नियमात 'ग्राउंड फ्लोअर' स्पष्ट लिहा, नाहीतर रस्त्याकडेची दुकानं वर चढतात.

उंचीचे आकडे (+२४.५ वगैरे) जमिनीपासून नसतात, समुद्रसपाटीच्या संदर्भप्रणालीतले असतात. 'हाइट' नको, 'एलिव्हेशन'. शेजारी एन-२००० किंवा जुनी प्रणाली लिहिलेली असते, ती गाळू नका. आणि आकडा छपराच्या सर्वोच्च बिंदूचा आहे की दर्शनी भिंत आणि छप्पर जिथे मिळतात त्या रेषेचा, हे नीट वाचा; उतरत्या छपरात दोन्हींत काही मीटरचा फरक पडतो.

रेषांमध्ये 'ओह्येल्लिनेन' म्हणजे 'इंडिकेटिव्ह', 'सितोवा' म्हणजे 'बाइंडिंग'. 'गाइडलाइन' हा शब्द इथे रेषेच्या अर्थाने वाचला जाऊन घोळ होतो.

अर्धविराम

नियमांची क्रियापदं: '-त्तावा' किंवा 'तुलेए' म्हणजे 'मस्ट'. 'सा' म्हणजे 'मे', 'एइ सा' म्हणजे 'मस्ट नॉट'. 'मे नॉट' संदिग्ध, 'कदाचित नाही' असाही वाचता येतो. 'प्युरित्तावा' आलं तर प्रयत्न करणं सक्तीचं आहे, साध्य करणं नाही. तिथे 'एफर्ट्स मस्ट बी मेड'. याला नुसतं 'शुड' केलं की सक्ती उडते आणि नुसतं 'मस्ट' केलं की वाढते.

रस्त्यांचं: केव्युत लीकेन्ने म्हणजे 'लाइट ट्रॅफिक' नव्हे, पायी आणि सायकलने जाणारे. 'वॉकिंग अँड सायकलिंग'. आणि 'लाइट रेल' ही वेगळीच गोष्ट, पिका-राइतिओतिए. हेलसिंकी-एस्पोची २५ किमीची १५ क्रमांकाची लाइन २०२३ मध्ये सुरू झाली ती. एका परिच्छेदात दोन्ही 'लाइट' आले की वाचक गोंधळलाच.

लॅहिओ: 'सबर्ब' लिहिलं की अमेरिकी डोळ्यांसमोर हिरवळ आणि गॅरेज. फिनिश लॅहिओ म्हणजे प्रामुख्याने १९६०-७० च्या दशकांत जंगलात उभ्या केलेल्या काँक्रीट इमारतींच्या वसाहती. 'सबर्बन हाउसिंग इस्टेट'.

तायामा: 'टाउन' नाही. सांख्यिकीतली व्याख्या किमान २०० रहिवासी आणि साधारणपणे घरांमधलं अंतर २०० मीटरच्या आत. 'बिल्ट-अप एरिया', आणि व्याख्या तळटिपेत. हुलेवेसी म्हणजे पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं वाहतं पाणी, 'स्टॉर्मवॉटर'. 'रनऑफ' चुकीचं नाही, पण व्यवस्थापन योजनेत 'स्टॉर्मवॉटर'च रुळलंय.

पारिजातक

शेवटचं एक. जमिनीच्या तुकड्यांना तोन्त्ती, कीन्तेइस्तो, मॅरॅ-आला. सगळ्यांना 'प्लॉट' चालेल?

उत्तरध्रुव

अजिबात नाही. तोन्त्ती म्हणजे आसेमाकावाच्या हद्दीत प्लॉट-विभागणीनुसार नोंदलेला तुकडा, तो 'प्लॉट'. कीन्तेइस्तो हे नोंदणीचं एकक, 'रिअल इस्टेट युनिट' किंवा 'प्रॉपर्टी'. त्याला चार भागांचा क्रमांक असतो, पहिले तीन अंक नगरपालिकेचे (हेलसिंकी ०९१). एका कीन्तेइस्तोचे दोन-तीन सुटे तुकडेही असू शकतात, त्यातला प्रत्येक तुकडा पाल्स्ता, म्हणजे 'पार्सल'. मॅरॅ-आला म्हणजे विकला गेलाय पण अजून स्वतंत्र नोंद न झालेला भाग. फिनिश भूमापन खात्याच्या इंग्रजीत 'अनसेपरेटेड पार्सल'. आपल्याकडे सातबारा फुटण्याआधीची जी अवस्था, साधारण तीच. हा शब्द इंग्रजीत कानाला खटकतो म्हणून 'पार्ट ऑफ अ प्लॉट' केला तर मालकी हस्तांतर झालंय ही माहितीच गायब होते.

मोजपट्टी

आकड्यांच्या लेखनाचं राहिलं. फिनिशमध्ये दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला मोकळी जागा. खुलाशात ०,२५ चं ०.२५ करा, नकाशाच्या प्रतिमेत हात लावू नका. '१ एपी / ८५ के-चौ.मी.' ही पार्किंगची खूण: ८५ चौ.मी. केर्रोस-आलामागे किमान एक गाडीची जागा. इथला एपी म्हणजे आउतोपाइक्का, आणि वरच्या यादीतला एपी म्हणजे छोट्या घरांचा ब्लॉक. मूळात एक लहान अक्षरांत, एक मोठ्या. सगळं मोठ्या अक्षरांत करणारा फॉन्ट खुलाशाच्या तक्त्यात वापरू नका.